ऑक येते, मग पायथन का अडते?

प्रश्न : मी नाशिकच्या सिडको भागात राहतो आणि निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये १२ वर्षांपासून संगणकाचे काम पाहतो. माझे वय ४१ आहे. वजनकाट्यावरून येणाऱ्या रोजच्या फायली एकत्र करणे, गावनिहाय बेरजा काढणे, बॅकअप घेणे ही कामे मी लिनक्सच्या कमांड लाइनवर, म्हणजे शेलमध्ये, ग्रेप (शोधणे), सेड (मजकूर बदलणे), ऑक (रकान्यांवर काम करणे) आणि सॉर्ट (क्रम लावणे) या कमांड एकमेकांना जोडून करतो. स्क्रिप्ट आता ३०० ओळींच्या पुढे गेली आहे, अधूनमधून बेरीज चुकते आणि ती का चुकली हे सापडत नाही. मालक म्हणतात, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घ्या. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये नाव घातले, पण पहिले तीन आठवडे त्रिकोणाचे क्षेत्रफळ आणि मूळ संख्या यांतच गेले, आणि विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून मला ते जमेना, म्हणून जाणे सोडले. भाचा म्हणतो, शेल म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे, सगळे विसरून शून्यापासून सुरू करा. खरेच तसे करावे लागेल का? पर्ल ही दुसरी भाषा घ्यावी की पायथन? आणि क्लासला परत जावे का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : तुम्ही पत्रासोबत तुमच्या स्क्रिप्टमधली एक ओळ पाठवली आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीतच असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करतो. (कमांडची नावे येथे नागरीत लिहिली आहेत; कीबोर्डवर ती तुमच्या सवयीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.) ती ओळ ऑकला असे सांगते की स्वल्पविराम हा विभाजक समज, प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या रकान्यात गाव आहे आणि पाचव्यात वजन, ते वजन त्या गावाच्या खात्यात मिळवत जा, फाईल संपली की प्रत्येक गाव आणि त्याची बेरीज छाप, आणि मग पाइपच्या, म्हणजे एका कमांडचा निकाल दुसरीला देणाऱ्या जोडणीच्या, पलीकडे बसलेला सॉर्ट त्या बेरजा उतरत्या क्रमाने लावतो.

जुन्या पेढीवरचा मुनीम हेच काम रोजकीर्दीवरून खतावणी करताना, म्हणजे रोजच्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवताना, करत असे. ज्या रचनेत आकड्याऐवजी गावाच्या नावाने कप्पा उघडता येतो, तिला ऑकमध्ये नुसते अ‍ॅरे म्हणतात, पर्लमध्ये हॅश म्हणतात आणि पायथनमध्ये डिक्शनरी. ऑक ही काही हल्लीची सोय नव्हे. ती १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी केली आणि तिचे नाव त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतून आले. तेव्हापासून तिच्यात फेरा आहे, अट आहे, बदलती नावे आहेत आणि ही खतावणीही आहे. म्हणजे पायथनच्या पुस्तकात ज्या प्रकरणापर्यंत पोचायला नवख्याला महिना लागतो, ते प्रकरण तुम्ही १२ वर्षे रोज सकाळी वापरत आहात, फक्त त्याचे नाव तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. भाच्याचे म्हणणे मला मान्य नाही, आणि विसरण्याचा सल्ला तर मुळीच नाही.

क्लासचेही फारसे चुकले नाही. ज्याने माहितीची फाईल ओळीओळीने वाहताना कधी पाहिलेलीच नाही, त्याला कुठून तरी सुरुवात करून द्यावी लागते, आणि त्रिकोण सगळ्यांना ठाऊक असतो. तुम्हाला मात्र त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याची गरज आयुष्यात पडलेली नाही, गावनिहाय वजनाची दररोज पडते. म्हणून तुमचा पहिला धडा तुमचीच ती ओळ असायला हवी. एवढी एक गोष्ट पाळली तर बाकीचे बरेचसे आपोआप रांगेत येते. नवी भाषा जुन्या स्क्रिप्टच्या जागी एकदम बसवायची नाही. पाइपमधला एकच तुकडा काढायचा, त्या जागी नवा तुकडा ठेवायचा, आणि पाइपच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे जसेच्या तसे राहू द्यायचे.

हे प्रत्यक्षात कसे होते ते थोडे सावकाश सांगतो, कारण ठेचा इथेच लागतात आणि त्या कुठे लागणार हे आधी कळले तर माणूस भाषा सोडून देत नाही.

पहिल्या दिवशी असा पायथन प्रोग्राम लिहा की जो स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे पाइपमधून, येणारी प्रत्येक ओळ वाचतो आणि तशीच छापतो. म्हणजे फाईल जशीच्या तशी दाखवणारा तुमचा कॅटच. त्याच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्हाची तीच खूण घाला जी तुम्ही शेल स्क्रिप्टच्या डोक्यावर घालता, त्याला चालवण्याची परवानगी सीएचमॉडने तशीच द्या, आणि त्याला पाइपच्या मधोमध ठेवून पाहा. प्रत्येक दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ दिसेल. घाबरू नका. वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीची खूण असतेच आणि छापताना पायथन आपल्याकडून आणखी एक जोडतो. ऑक ही खूण वाचतानाच काढून ठेवत होता, इथे ती तुम्हाला काढावी लागते. पहिल्या दिवशी एवढे पुरे.

दुसऱ्या दिवशी ओळ स्वल्पविरामावर तोडा. ऑकमध्ये तिसरा रकाना म्हणजे तीन; पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे गाव दोन या क्रमांकावर आणि वजन चार या क्रमांकावर सापडेल. पुढचे काही दिवस ही चूक तुमच्या हातून होतच राहील, आणि तिच्याबद्दल वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवशी खतावणी, आणि इथे पायथन पहिल्यांदा अडून बसेल. ऑकला तुम्ही कधीही न उघडलेल्या खात्यात ५०० किलो मिळवायला सांगितले तर तो खाते मुकाट्याने उघडतो, त्यात शून्य आहे असे धरतो आणि पुढे जातो. पायथन म्हणतो की या नावाचे खातेच नाही, आणि तिथेच थांबतो. त्याला ‘नसेल तर शून्य धर’ असे स्पष्ट सांगावे लागते. त्यासाठी एका शब्दाची सोय आहे आणि ती पाच मिनिटांत कळते. पण त्या अडण्याकडे नीट पाहा, कारण तुमच्या चुकणाऱ्या बेरजांचे कोडे त्यातच दडलेले असण्याची बरीच शक्यता मला दिसते.

तुम्ही लिहिले आहे की काही गावांच्या पावत्या काट्यावरून न येता तिथला कारकून हाताने टाइप करून पाठवतो. त्या फाईलमधले आकडे एकदा डोळ्यांनी पाहा. कारकुनाचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर त्याने ‘५००’ असे देवनागरी अंकांत लिहिलेले असेल, आणि ऑक अशा मजकुराला शून्य मानतो. कसलाही इशारा न देता ५०० किलो द्राक्षे बेरजेतून गळतात. तोच मजकूर पायथनला संख्येत बदलायला सांगितला तर तो देवनागरी अंक ओळखतो आणि बरोबर ५०० देतो, तर ‘५०० कि.’ असे लिहिलेले असेल तर चूक दाखवून थांबतो. ऑकचा हा समजूतदारपणा एका ओळीत काम उरकताना उपयोगी पडतो, पण शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी ज्या आकड्यावरून निघते तिथे मला तरी अडून बसणारी भाषा जास्त परवडते.

दुसरा संशय पत्त्यावर. गावाच्या रकान्यात कोणी ‘पिंपळगाव बसवंत, ता. निफाड’ असे लिहिले की एक्सेल तो सगळा मजकूर दुहेरी अवतरणात घालून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) फाईल बनवते, आणि ते बरोबरच आहे. पण स्वल्पविरामावर डोळे मिटून तोडणाऱ्या ऑकला अवतरण कळत नाही. त्याच्या लेखी त्या ओळीतले पुढचे सगळे रकाने एकाने सरकतात आणि वजनाच्या जागी भलतेच काहीतरी येते. २०२३ मध्ये आलेल्या ग्नू ऑकच्या ५.३ आवृत्तीत सीएसव्हीसाठी वेगळा पर्याय दिला आहे, पण तुमच्या सर्व्हरवर तेवढी नवी आवृत्ती असेलच असे नाही. पायथनमध्ये सीएसव्ही वाचण्याचे साधन भाषेसोबतच येते, त्याला अवतरणे कळतात, आणि त्यातला एक प्रकार तर रकान्याला क्रमांकाऐवजी शीर्षकावरून हाक मारू देतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीची ती शून्यापासूनची मोजणी इथे संपते. गावाला ‘गाव’ म्हणायचे आणि वजनाला ‘वजन’.

आता पडताळणी. जुन्या ऑकचे आणि नव्या पायथनचे उत्तर सॉर्ट करून दोन फायलींत ठेवा आणि त्यांतला फरक दाखवणाऱ्या डिफला विचारा. डिफ गप्प बसला तर तुकडा बदलायला हरकत नाही. तो बोलला तर प्रत्येक वेळी पायथनच चुकला असे गृहीत धरू नका. एक उदाहरण देतो. समजा एखाद्या गावाची हंगामाची खरी बेरीज २४५३१८.७५ किलो आहे. पायथन तेवढीच दाखवेल. ऑकमध्ये साध्या प्रिंटने छापले तर २४५३१९ दिसेल, कारण अपूर्णांक असलेली संख्या छापताना ऑक मुळातच सहा अंकांपुरती ठेवतो आणि उरलेले गोलाकार करतो. दहा लाखांच्या पुढची अपूर्णांकी संख्या असेल तर तो ती ‘ई’ घालून घातांकात लिहितो, आणि ते पाहून तुम्ही एखाद्या दिवशी चक्रावलाही असाल. डिफने दाखवलेली अशी प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या जुन्या स्क्रिप्टबद्दल तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट असते, आणि नवी भाषा याहून चांगल्या रीतीने शिकता येते असे मला वाटत नाही.

हे सगळे मूळ फायलींच्या प्रतीवर करा. मी स्वतः एकदा तारखांमधली टिंबे काढून आडव्या रेघा घालायला सेडला सांगितले, फाईल जागच्या जागी बदलायचा पर्याय दिला आणि टिंबापुढे तिरपी रेघ द्यायला विसरलो. नमुन्यात, म्हणजे काय शोधायचे ते सांगणाऱ्या खुणांमध्ये, नुसते टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. वर्षभराच्या नोंदींची फाईल वरपासून खालपर्यंत आडव्या रेघांनी भरून गेली आणि प्रत ठेवलेली नव्हती. नमुन्यांचे हे ज्ञान तुम्हाला पायथनमध्ये जवळजवळ जसेच्या तसे वापरता येईल. एवढेच की साध्या सेडमध्ये गट करणाऱ्या कंसापुढे तिरपी रेघ लागते आणि पायथनमध्ये लागत नाही, म्हणून ग्रेपचा विस्तारित नमुन्यांचा पर्याय वापरायची सवय असेल तर तुम्ही अधिक जवळ आहात.

आणखी दोन ठिकाणी शेलची सवय आड येते. शेलमध्ये कमांड यशस्वी झाली की शून्य मिळते आणि शेल शून्याला ‘होय’ मानतो. पायथनमध्ये अटीत शून्य आले तर त्याचा अर्थ ‘नाही’ होतो. पायथनमधून आरसिंकसारखी बॅकअपची कमांड चालवून तिचा निकाल तपासताना हे लक्षात ठेवा, नाहीतर बॅकअप फसला की स्क्रिप्ट आनंदाने पुढे जाईल. दुसरे, तुम्ही फायलींच्या नावांभोवती अवतरणे घालायला शिकलात ते ‘मार्च हिशेब’ अशी मधे जागा असलेली नावे शेलमध्ये दोन तुकडे होतात म्हणून. पायथनमध्ये नाव एकदा एका चलात (बदलत्या नावात) आले की ते अखंडच राहते. त्यामुळे बाहेरची कमांड चालवताना सगळी ओळ एकत्र जोडून शेलच्या हाती देण्यापेक्षा कमांड आणि तिची प्रत्येक बाब यादीतला वेगळा घटक म्हणून द्या.

मराठी मजकुराबद्दल एक प्रयोग सुचवतो, पाच मिनिटांचा आहे. ‘नाशिक’ हा शब्द कागदावर लिहून कोणालाही विचारले तर तो तीन अक्षरे सांगेल. पायथनला लांबी विचारली तर पाच येते, कारण काना आणि वेलांटी तो वेगळ्या मोजतो. मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसी कमांडला बाइट (साठवणुकीचे एकक) मोजायला सांगितले तर पंधरा, आणि ओळ संपल्याची खूण धरून सोळा, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत यातल्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. लिनक्सवरचा कट अक्षरे कापायला सांगितले तरी बहुधा बाइटच कापतो, आणि म्हणूनच गावांची नावे ठरावीक रुंदीत बसवताना तुमच्या अहवालात ते काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उगवते. पायथन ३ मजकूर आणि बाइट यांना वेगळे मानतो. सुरुवातीला हे त्रासदायक वाटेल, पण मराठी नावांवर काम करणाऱ्याला ते फार सोयीचे आहे.

पर्ल की पायथन, याबाबत माझे मन थोडे पर्लकडे ओढ घेते, हे कबूल करतो. लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरमध्ये पर्ल प्रसिद्ध केली ती नेमकी तुमच्यासारख्यांसाठी, ज्यांचे काम सेड आणि ऑकमध्ये मावेनासे झाले होते. ऑक आणि सेडच्या स्क्रिप्ट पर्लमध्ये बदलून देणारी दोन साधने तिच्यासोबत अनेक वर्षे येत असत. ओळीओळीने वाचणे, रकाने तोडणे, फाईल जागच्या जागी बदलणे हे सगळे तिच्यात कमांडच्या एकेका अक्षरी पर्यायाने होते, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला घरच्यासारखे वाटेल. तरीही तुम्हाला पायथन घ्या असेच सांगतो, आणि कारण भाषेबाहेरचे आहे : पॅकहाऊसमध्ये तुम्ही रजेवर असताना स्क्रिप्ट कोणीतरी उघडणार आहे, आणि नाशिकमध्ये आज पायथन वाचणारा माणूस शोधायला तुम्हाला तुमच्या क्लासच्या बाकापलीकडे जावे लागणार नाही. एका ओळीच्या किरकोळ कामांना पर्ल हाताशी ठेवायची असेल तर जरूर ठेवा.

३०० ओळींची ती स्क्रिप्ट मात्र सगळीच्या सगळी पायथनमध्ये नेऊ नका. शेलची स्क्रिप्ट १०० ओळींच्या पुढे गेली किंवा तिच्यातल्या अटी-फेऱ्यांचा गुंता वाढला की ती अधिक शिस्तीच्या भाषेत पुन्हा लिहावी, असे गूगलच्या शेलविषयक जाहीर नियमावलीत सांगितले आहे, आणि मर्यादा म्हणून ते ठीक आहे. पण तुमच्या ३०० ओळींमध्ये फायली हलवणे, दाबून ठेवणे, दुसऱ्या मशिनवर पाठवणे हे जे आहे ते शेल उत्तम करतो आणि पायथनमध्ये त्याचीच दुप्पट लांब नक्कल होईल. पायथनकडे न्यावे असे मला तीनच तुकडे दिसतात : सीएसव्ही वाचणे, बेरजा करणे, आणि गावांच्या नावांचा तो घोळ. तुमच्याकडे ‘ओझर’, ‘ओझर मिग’ आणि ‘ओझर (मिग)’ ही तीन गावे झाली आहेत, आणि नुसते ‘पिंपळगाव’ लिहिलेले पिंपळगाव बसवंत की सातपूरजवळचे पिंपळगाव बहुला, हे पावतीवरच्या शेतकरी क्रमांकाशिवाय ठरत नाही. यासाठी तुम्ही सेडच्या ४० ओळी एकाखाली एक लिहिल्या आहेत, आणि त्यांचा क्रम बदलला तर उत्तर बदलते. त्या जागी डावीकडे लिहिले जाणारे नाव आणि उजवीकडे खरे नाव अशी दोन रकान्यांची एक साधी फाईल ठेवा, पायथन ती डिक्शनरीत वाचेल, आणि तक्त्यात नसलेले नाव आले तर अंदाज न करता ते वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवेल. ती फाईल रोज दुपारी काट्यावरचा माणूसही तपासू शकतो, त्याला सेड यायची गरज नाही.

नवा तुकडा ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये घालाल तेव्हा पायथनचा पूर्ण पत्ता द्या, कारण क्रॉनला तुमच्या टर्मिनलसारखा ऐसपैस पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) मिळत नाही. आणि द्राक्षांचा हंगाम जोरात असताना हे करू नका. एप्रिल उलटला की गेल्या मार्चच्या फायलींवर सगळे बसवून पाहा, आणि पुढच्या हंगामाचे पहिले १५ दिवस जुना आणि नवा दोन्ही रोज चालू द्या.

राहिला क्लास. फी भरलेली आहे, तेव्हा ती पुरती सोडू नका, पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बसण्याचेही कारण नाही. शिक्षकांना भेटून अभ्यासक्रमाचा कागद मागा आणि फंक्शन, फाईल, डिक्शनरी आणि चुका हाताळणे हे विषय ज्या दिवशी आहेत तेवढ्याच दिवशी जा. फंक्शनचा दिवस तर चुकवू नका, कारण एका नावाखाली काम बांधून ठेवण्याची सवय तुमच्या स्क्रिप्टमध्ये दिसत नाही आणि ती एकट्याने लागायला वेळ लागतो. जाताना द्राक्षांची एक दिवसाची फाईल, शेतकऱ्यांची नावे काढून टाकून, पेनड्राइव्हवर न्या. शेजारच्या मुलांनी स्वल्पविराम पोटात घेतलेली सीएसव्ही फाईल बहुधा अजून पाहिलेली नसेल.